नाममुद्रा कोणाची? : जानीन डेकर्स ऊर्फ ‘स्यर सुरीर’ हिच्या गीतरचनेचा अभ्यास

शब्द आणि चाल ही दोन्ही ज्याची, त्याला आपल्या परंपरेत ‘वाग्गेयकार’ म्हणतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात वाग्गेयकाराची लक्षणे सांगितली आहेत. फ्रेंच भाषेतही अशा कलावंतासाठी एक जोडशब्द रूढ आहे. त्याचा अर्थ ‘लेखक-स्वरकार-गायक’ असा होतो. शब्द, चाल आणि सादरीकरण या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीकडे असल्या की हा शब्द वापरतात. बेल्जियममध्ये जन्मलेला जाक ब्रेल हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेली जानीन डेकर्स ही ब्रेलचीच समकालीन, त्याच्याच देशातली आणि याच अर्थाने वाग्गेयकार. आपली गाणी तिने स्वतः लिहिली, स्वतः चाली लावल्या आणि गिटारवर स्वतः गायली. एका गाण्याने ती अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत सर्वोच्च स्थानी पोहोचली. परंतु ज्या नावाने ती जगाला माहीत झाली, ते नाव तिचे नव्हते. पुढे ते वापरण्याची मुभाही तिला उरली नाही. गेली काही वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला तौलनिक साहित्य शिकवताना गीतरचनेच्या घटकात तिचे उदाहरण घेते. रचनेवर नाव कोणाचे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासात केवढा महत्त्वाचा आहे, हे या एका उदाहरणातून विद्यार्थ्यांना जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होते.

१. जीवनपट

जानीन डेकर्स हिचा जन्म १७ ऑक्टोबर १९३३ रोजी ब्रुसेल्सच्या लाकन भागात झाला. वडिलांचे केक-पेस्ट्रीचे दुकान होते. शिक्षण कॅथलिक शाळेत झाले. मुलींच्या गाइड पथकात ती रमली आणि संध्याकाळच्या मेळाव्यांत वाजवण्यासाठी म्हणून तिने पहिली गिटार घेतली. तिच्या संगीताचे मूळ असे शेकोटीभोवतीच्या समूहगायनात आहे. सोपी चाल, सर्वांना म्हणता येईल असे ध्रुवपद आणि मधल्या कडव्यांत एकटीने सांगायची गोष्ट, हा तिच्या रचनेचा साचा तिथलाच.

पुढे तिने कलाशिक्षण घेतले. शिक्षिकेच्या पेशात मात्र तिचे मन लागले नाही. सप्टेंबर १९५९ मध्ये तिने वॉटर्लूजवळच्या फिशरमाँ येथील डॉमिनिकन मिशनरी सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश घेतला. तिथे तिला ‘सिस्टर लुक-गाब्रिएल’ हे नाव मिळाले. धर्मसंघात प्रवेश करणारी व्यक्ती जुने नाव मागे ठेवते आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेते, हे गोव्यातील वाचकाला वेगळे सांगायला नको. या कथेत दारिद्र्य आणि आज्ञापालन ही दोन व्रते पुढे निर्णायक ठरली, म्हणून त्यांचा उल्लेख इथेच केला.

कॉन्व्हेंटमध्ये ती गाणी रचून सहकारी सिस्टरांना आणि पाहुण्यांना ऐकवीत असे. गाणी इतकी आवडली की वरिष्ठांनीच ध्वनिमुद्रण करायला सांगितले. कॉन्व्हेंटला भेट देणाऱ्यांना एखादी ध्वनिमुद्रिका विकत घेता यावी, एवढाच मूळ हेतू होता. १९६१ साली ब्रुसेल्समध्ये फिलिप्स कंपनीसाठी ही गाणी मुद्रित झाली. कंपनीला त्यांत मोठी बाजारपेठ दिसली. ध्वनिमुद्रिकेवर तिचे जन्मनाव आले नाही आणि कॉन्व्हेंटमधले नावही आले नाही. ‘स्यर सुरीर’, म्हणजे ‘स्मित सिस्टर’ किंवा ‘हसरी सिस्टर’, असे एक तिसरेच नाव आले. इंग्रजी जगाने तिला ‘गाणारी नन’ म्हटले.

२. डिसेंबर १९६३

‘डॉमिनिक’ हे तिचे गाणे ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथे राहिले. गाणे फ्रेंच भाषेत होते. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना शब्द कळत नव्हते. दोन आठवड्यांपूर्वी, २२ नोव्हेंबरला, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. शोकात असलेल्या देशाला हा निर्मळ, आनंदी आवाज भावला, असे अनेकांनी म्हटले आहे. ५ जानेवारी १९६४ रोजी एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिचे गाणे दाखवले गेले. त्याच कार्यक्रमात महिन्याभराने बीटल्स आले आणि लोकप्रिय संगीताची दिशाच बदलली. त्या वर्षीच्या ग्रॅमी पुरस्कारांत धार्मिक संगीताचा पुरस्कार तिला मिळाला.

भाषेच्या अभ्यासकाने आणखी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘डॉमिनिक’ यादीच्या शिखरावर पोहोचण्याच्या तीनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लॅटिनबरोबर लोकभाषांना उपासनेत अधिक स्थान देण्याचा मार्ग मोकळा केला. अर्थात डेकर्सची गाणी हा त्या निर्णयाचा परिणाम नव्हे. ती त्याआधीच मुद्रित झालेली होती. शिवाय फ्रान्समध्ये एमे दुवाल हा येशुसंघी धर्मगुरू १९५० च्या दशकापासूनच गिटार घेऊन भक्तिगीते गात होता. लोकांच्या भाषेत, लोकांच्या चालीत धर्म सांगण्याची ओढ चर्चच्या आत आधीपासून वाढत होती आणि दोन्ही घटना त्याच ओढीच्या खुणा आहेत. ‘क्रिस्तपुराण’ सतराव्या शतकाच्या आरंभी मराठीत रचले गेले. त्याचे वाचक असलेल्या आपल्याला ही ओढ अपरिचित नाही.

३. गाण्याची घडण

‘डॉमिनिक’ला पुष्कळदा ‘गोड, बाळबोध गाणे’ म्हणून बाजूला ठेवले जाते. शब्द लक्षपूर्वक पाहिले तर हे मत टिकत नाही. हे गाणे म्हणजे डॉमिनिकन संघाचा संस्थापक संत डॉमिनिक याचे छोटेसे पद्यचरित्र आहे. आपल्याकडच्या आख्यानकाव्याच्या किंवा संतचरित्राच्या अभ्यासकाला त्याची बांधणी लगेच ओळखू येईल.

ध्रुवपदात संताचे नाव खेळकरपणे पुन्हापुन्हा येते. गरीब, पायी फिरणारा, गात जाणारा असा तो उभा राहतो आणि जाईल तिथे फक्त देवाविषयीच बोलतो. कडव्यांमध्ये चरित्र पुढे सरकते. पहिल्या कडव्यात काळ सांगितला आहे आणि तो सांगण्यासाठी इंग्लंडचा राजा जॉन निवडला आहे. फ्रेंचमध्ये या राजाला ‘भूमिहीन जॉन’ म्हणतात. स्वेच्छेने निर्धन झालेल्या संताच्या गाण्यात नावानेच निर्धन असलेला राजा यावा, ही निवड सहज झालेली वाटत नाही. त्याच कडव्यात दक्षिण फ्रान्समधील आल्बिजन्सी या पाखंडी मानल्या गेलेल्या पंथाशी डॉमिनिकचा संघर्ष येतो. पुढे एक पाखंडी त्याला काट्यांतून नेतो आणि डॉमिनिक आपल्या आनंदाने त्याचे मन पालटतो. मग गाडी-वाहनाशिवाय युरोपभर केलेली पायपीट येते, उपदेशक बंधूंच्या संघाची स्थापना येते. घरात भाकरी नसताना देवदूत ती घेऊन येतात, हा चमत्कार येतो, आणि मरियेच्या झग्याखाली जगभरचे उपदेशक एकत्र आल्याचे स्वप्न येते. शेवटच्या कडव्यात कथन थांबते आणि प्रार्थना सुरू होते : आम्हालाही साधे आणि आनंदी ठेव.

काळ, संघर्ष, प्रवास, चमत्कार, दृष्टान्त आणि शेवटी मागणे असा हा क्रम आहे. संतचरित्राची सगळी अंगे तीन मिनिटांत बसवली आहेत. यात दोन गोष्टी मला विशेष वाटतात. पहिली म्हणजे संपूर्ण गाण्यात ‘मी’ जवळजवळ नाही. शेवटी येतो तो ‘आम्ही’. दुसरी म्हणजे ध्रुवपद समूहाने म्हणायचे आहे. इतर सिस्टरांचा कोरस गाण्याच्या रचनेचाच भाग आहे. कीर्तनात टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलावे तसे ते उचलले जाते. शब्द कागदावर वाचून हे कळत नाही. म्हणून गीताचा अभ्यास ऐकूनच करावा लागतो, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

नोएल रेन्ये यांच्या इंग्रजी रूपांतराशी तुलना केली तर मूळ रचनेचे वेगळेपण अधिक दिसते. इंग्रजीत भूमिहीन जॉन राहिला, पण आल्बिजन्सी गेले. त्यांच्या जागी सर्वसाधारण ‘पाप’ आले. तेराव्या शतकातील धर्मकलह बालगीतासारखा झाला. भाषांतरात नेमका संदर्भ गळला की रचनेचे वय कमी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे. डेकर्सच्या वाट्याला आलेली ‘भाबडी नन’ ही प्रतिमा काही अंशी अशा रूपांतरांतून तयार झाली, असे मला वाटते.

४. तीन नावे, तीन मालक

या स्त्रीला तीन नावे होती आणि प्रत्येक नावावर दुसऱ्या कोणाचा तरी अधिकार होता. ‘सिस्टर लुक-गाब्रिएल’ हे नाव कॉन्व्हेंटने दिले आणि कॉन्व्हेंट सोडताच ते सुटले. ‘स्यर सुरीर’ हे नाव ध्वनिमुद्रिकेच्या व्यवहारातून आले आणि करारामुळे व्यवहाराकडेच राहिले. ‘जानीन डेकर्स’ हे जन्मनाव तिचे होते, पण श्रोत्यांना ते ठाऊक नव्हते.

ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नातील मोठा वाटा कंपनी आणि निर्मात्याकडे गेला. उरलेली रॉयल्टी धर्मसंघाकडे गेली, कारण दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या व्यक्तीकडे खाजगी मालमत्ता असू शकत नाही. त्या काळात तिची यावर तक्रार असण्याचे कारणही नव्हते. व्रत तिने स्वखुशीने घेतले होते. अडचण पुढे आली.

वरिष्ठांनी तिला लूव्हाँ विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला पाठवले. तिथे विद्यार्थ्यांचे मोकळे जग तिने पाहिले आणि तरुणपणीची मैत्रीण आनी पेशेर पुन्हा भेटली. १९६६ साली तिने कॉन्व्हेंट सोडले. श्रद्धा मात्र सोडली नाही. सामान्य जीवनात राहून डॉमिनिकन परंपरेशी आपले नाते तिने जपले. आनीबरोबरचे तिचे सहजीवन अखेरपर्यंत टिकले आणि पुढच्या चरित्रलेखनाने त्याकडे प्रेमाचे नाते म्हणूनच पाहिले.

कॉन्व्हेंटबाहेर येऊन ती व्यावसायिक गायिका म्हणून उभी राहू लागली, तेव्हा ‘स्यर सुरीर’ हे नाव तिला वापरता आले नाही. तिने ‘लुक डॉमिनिक’ हे नवे नाव घेतले. कॉन्व्हेंटमधल्या नावातला ‘लुक’ आणि स्वतःच्या गाण्यातला ‘डॉमिनिक’ यांची ही जुळणी आहे. दोन्ही वाटा बंद झाल्यावर त्या दोहोंतला एकेक तुकडा तिने जवळ ठेवला.

५. नंतरची रचना

१९६७ साली आलेल्या तिच्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकातच, आपण कोणी तारका नाही, असे तिने सांगितले. या काळातील रचनांमध्ये मोठा बदल दिसतो. पूर्वीच्या गाण्यांत ‘मी’ नव्हता. आता तो मध्यभागी आला. प्रसिद्धी, एकटेपण, चर्चमधील जुनाटपणा, मोकळ्या श्रद्धेची ओढ हे विषय आले. पूर्वी ती एका संताचे चरित्र गात होती. आता स्वतःचे चरित्र गाऊ लागली.

त्याच वर्षी तिने संततिनियमनाच्या गोळीसाठी देवाचे आभार मानणारे ‘सोन्याची गोळी’ हे गाणे प्रसिद्ध केले. पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन नाकारणारे परिपत्रक जुलै १९६८ मध्ये काढले. म्हणजे हा प्रश्न चर्चमध्ये अजून खुला होता आणि अनेक कॅथलिक बदलाची वाट पाहत होते, अशा वेळचे हे गाणे आहे. लोक त्याची थट्टा करतात. मला ते तिच्या सर्वांत धीट रचनांपैकी एक वाटते. श्रद्धाळू स्त्रीने, श्रद्धेच्याच भाषेत, स्त्रीच्या शरीराविषयी केलेले ते विधान आहे. त्यात देव नाकारलेला नाही, उलट देवाचेच आभार आहेत. याची किंमत तिला मोजावी लागली. कॅनडातील माँट्रियल येथे चर्चच्या अधिकाऱ्यांच्या हस्तक्षेपामुळे तिचा कार्यक्रम रद्द झाला. १९६८ साली तिचे चिंतनपर लेखनाचे पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘आपले सत्य जगणे’ असा आहे.

यांतले काहीच खपले नाही. कारण फक्त गुणवत्तेत शोधू नये. श्रोते ‘स्यर सुरीर’ला शोधत होते आणि दुकानात ‘लुक डॉमिनिक’ होती. टीकाकारांनीही या उत्तरार्धाकडे पाहिले ते ‘पूर्वीच्या प्रसिद्ध ननची घसरण’ म्हणून, स्वतंत्र रचना म्हणून नव्हे. नाव तुटले की वाचनाची परंपराही तुटते.

६. पावती

डेकर्स आणि पेशेर यांनी स्वमग्न मुलांसाठी शाळा चालवली. ती पुढे पैशाअभावी बंद झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल्जियमच्या करखात्याने जुन्या उत्पन्नावरील थकीत कराची मागणी केली. रक्कम सुमारे ६३ हजार डॉलर होती. पैसे कॉन्व्हेंटला दिले गेले होते, म्हणून कर लागू नये, हे तिचे म्हणणे. परंतु त्याची पावती तिच्याकडे नव्हती. व्रत घेताना कोणी पावती मागत नाही. करखात्याला मात्र पावतीच लागते.

१९८२ साली तिने ‘डॉमिनिक’ नव्या डिस्को साजात पुन्हा गायले, या वेळी ‘स्यर सुरीर’ याच नावाने. ते चालले नाही. २९ मार्च १९८५ रोजी वाव्र येथे तिने आणि आनी पेशेर हिने एकत्र आपले जीवन संपवले. ती ५१ वर्षांची होती. दोघींचे दफन एकत्र झाले. या शेवटाला कलावंताचे अटळ भागधेय वगैरे म्हणून त्यावर रंग चढवू नये. त्यामागे कर्ज होते, तुटलेली कारकीर्द होती आणि मदतीला न आलेल्या संस्था होत्या. यांतले बरेच टाळता येण्यासारखे होते.

सिनेमानेही तिची कथा सांगितली. १९६६ च्या हॉलिवूडपटात डेबी रेनॉल्ड्स हिने काम केले. त्यातल्या नायिकेचे नाव ‘सिस्टर अ‍ॅन’ असे ठेवले होते. म्हणजे तिथेही तिला तिचे नाव मिळाले नाही. तो चित्रपट काल्पनिक आहे, असेच तिचे मत होते. २००९ साली बेल्जियमचे स्टाइन कोनिंक्स यांनी सेसिल द फ्रान्स हिला घेऊन चित्रपट केला. त्यात कॉन्व्हेंटनंतरची जानीनही येते.

७. आपल्या अभ्यासासाठी

मराठी संतकाव्याचा प्रत्येक विद्यार्थी नाममुद्रा ओळखायला शिकतो. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी स्वतःचे नाव गुंफतो. जनाबाई तिथे स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते, बहिणाबाई ‘बहिणी’ म्हणते. दासी म्हणवून घेणारी जनाबाई सामाजिक दृष्टीने डेकर्सपेक्षा कितीतरी अधिक परावलंबी होती. तरीही तिची मुद्रा रचनेच्या आत आहे, तिच्याच हाताने घातलेली आहे. पाठ बदलले, प्रक्षेप झाले, कोणते अभंग खरोखर तिचे यावर वाद झाले, तरी गाणाऱ्याला शेवटी तिचे नाव घ्यावेच लागते. डेकर्सचे नाव मात्र गाण्याच्या बाहेर, ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर होते. वेष्टन ज्याचे, नाव त्याचे.

काळ आणि व्यवस्था पूर्ण वेगळ्या असल्याने ही तुलना फार ताणू नये. तरी तिच्यातून अभ्यासाचे तीन प्रश्न हाती येतात आणि कोणत्याही गीतरचनेसाठी ते विचारता येतात. रचनेत रचनाकाराचे नाव कुठे आहे, आत की बाहेर? ते नाव कोणी दिले? आणि नाव बदलल्यानंतरची रचना आपण त्याच व्यक्तीची म्हणून वाचतो का? टोपणनावाने लिहिणाऱ्या, लग्नानंतर नाव बदललेल्या किंवा ‘अमुकांची पत्नी’ म्हणून छापल्या गेलेल्या आपल्या लेखिकांचे सलग वाचन करताना तिसरा प्रश्न फार उपयोगी पडतो. शोधनिबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा.

लिहित्या मंडळींसाठी एक व्यावहारिक गोष्टही आहे. नाटकासाठी, भजनी मंडळासाठी, स्थानिक ध्वनिमुद्रणासाठी गीते देणारे अनेक जण कागद न वाचता सही करतात. ‘आपल्याच माणसांचे काम’ म्हणून पावतीही घेत नाहीत. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही रचना आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि संगीताच्या रॉयल्टीतील लेखकाच्या समान वाट्यालाही संरक्षण दिले आहे. हे अधिकार कागदावर आहेत. ते वापरायचे तर करार वाचावा लागतो, त्याची प्रत जपावी लागते आणि रचनेवर आपले नाव आपण ठरवू तसे छापून घ्यावे लागते.

जानीन डेकर्सची बहुतेक गाणी आज ऐकायला मिळतात. अभ्यासाला आरंभ करताना ‘डॉमिनिक’ आणि १९६७ ची गाणी एका बैठकीत, लागोपाठ ऐकावीत. आवाज एकच आहे, गिटार धरण्याची रीत तीच आहे. ‘आम्ही’कडून ‘मी’कडे झालेला प्रवासही लगेच कानाला जाणवतो. दोन वेगळ्या नावांखाली विभागलेली ही एकाच स्त्रीची रचना आहे. ती तिच्या खऱ्या नावाखाली एकत्र वाचणे एवढे तरी अभ्यासक म्हणून आपल्याला करता येईल.